सिस्टरच्या वॉर्डातली मोजणी

रुग्णालयाच्या आकडेवारी विभागात दोनच माणसं होती, आणि ऐन मोजणीच्या तोंडावर त्यातल्या एकाला कांजिण्या आल्या. चाळिशी उलटल्यावर कांजिण्या येतात म्हणजे काय, म्हणून सगळ्यांनी आधी मनसोक्त हसून घेतलं. हसू ओसरल्यावर मेट्रनबाईंच्या लक्षात आलं की त्याच्या वाट्याचे वॉर्ड आता दुसऱ्याच्या गळ्यात पडणार, त्यात बायकांचा जनरल वॉर्ड आहे, आणि त्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर ही त्या दुसऱ्याची बायको आहे.

त्या दुसऱ्याला सगळे आकडेशास्त्री म्हणत. माणूस सरळ, कामाला चोख आणि बोलायला कंजूष. तो स्वतःच मेट्रनबाईंकडे गेला आणि म्हणाला की नवऱ्याने बायकोचं काम मोजायचं हे काही बरं दिसणार नाही. मेट्रनबाई म्हणाल्या, बरं दिसण्याची चैन परवडली असती तर ही मोजणी करायची वेळच आली नसती. शेवटी असं ठरलं की दुसऱ्या रुग्णालयातल्या एक तपासनीस बाई त्या वॉर्डात अधूनमधून येऊन स्वतःचा तक्ता भरतील, आणि दोघांचे आकडे जुळले तरच ते धरायचे.

मोजणीचं कारण साधं होतं. व्यवस्थापनाच्या मते नर्सेस पुरेशा होत्या. इतक्या खाटांमागे इतक्या नर्सेस असा जुना नियम होता आणि तो कागदावर पाळला जात होता. मेट्रनबाईंचं म्हणणं असं की खाटेचं काय, चादर घातली की तिचं भागतं. काम किती ते खाटेवर कोण झोपलंय त्यावर ठरतं. एखादी पेशंट स्वतःच्या पायांनी जाऊन तोंड धुऊन येते, एखादीची कूस बदलायलाही दोन माणसं लागतात. तेव्हा नर्सचा दिवस कशात जातो ते एकदा डोळ्यांनी बघून लिहा, असा आग्रह धरून त्यांनी ही मोजणी मंजूर करून घेतली होती. निरीक्षकाने वॉर्डात बसायचं आणि ठरावीक वेळाने घड्याळ बघून, प्रत्येक नर्स त्या क्षणी काय करते आहे त्याची तक्त्यात खूण करायची. पेशंटजवळचं काम एका रकान्यात, औषधं काढणं आणि नोंदी लिहिणं दुसऱ्यात, फोन, धावपळ, साहित्य आणणं तिसऱ्यात, आणि चहा, जेवण, विसावा असा नर्सचा स्वतःचा वेळ चौथ्यात. बोलायचं नाही, मदत करायची नाही, कशात पडायचं नाही.

संध्याकाळी घरी त्याने बायकोच्या कानावर घातलं. ती आरशासमोर केसांतल्या पिना काढत होती.

"म्हणजे आठवडाभर तुम्ही माझ्यासमोर बसणार?" तिने विचारलं.

तो हो म्हणाला. तिने पिना बशीत टाकल्या आणि विचार करून सांगितलं की वॉर्डात ती सिस्टर आणि तो निरीक्षक, तिथे अहो-अगं चालायचं नाही. त्याची आई आतून म्हणाली की बघू दे त्याला एकदा नीट. तुला बघायला आला होता तेव्हा सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडेच बघत बसला होता. सिस्टर थोडीशी हसली आणि गॅलरीतल्या खुर्चीत जाऊन बसली.

ती खुर्ची तिची ठरलेली होती. ड्यूटीवरून आली की हातपाय धुऊन ती तिथे बसे आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघत राही. काही विचारलं तर हं म्हणे, फार तर हो किंवा नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली होती, आणि मुलगी गेल्यापासून घरात बोलणं जवळजवळ उरलंच नव्हतं. आकडेशास्त्रीने आपल्या मनाशी ठरवून टाकलं होतं की बायकोला आपला कंटाळा आला आहे. आला असेल तर त्यात तिची चूक नाही, इतपत तो समजूतदार होता. विचारायचं धाडस मात्र त्याने कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वॉर्डाच्या दाराशी स्टूल टाकून बसला. वॉर्ड लांबलचक होता. खांद्यापर्यंत हिरवट तेलरंग दिलेल्या भिंती, उंच खिडक्या, दोन्ही बाजूंना खाटांच्या रांगा. औषधांच्या ट्रॉलीचं एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे ट्रॉली कुठवर आली ते डोळे मिटूनही कळत असे. कपड्यांची खोली वॉर्डाला लागूनच होती, पण बाकी साहित्याचं कोठार पार दुसऱ्या टोकाला होतं, आणि एखादी नळी हवी असली तरी तिथवर जाऊन यावं लागे.

सुरुवातीला नर्सेस घरी पाहुणे आल्यासारख्या वागत होत्या. पाठ ताठ, आवाज मऊ, आणि धूळ नसलेल्या टेबलावरूनही फडकं फिरवणं. सिस्टर त्याच्याशी एकच वाक्य बोलली, स्टूल थोडं मागे घ्या, ट्रॉली जाऊ दे. पण वॉर्डातल्या कामाला नाटक करायला सवड नव्हती. दुपारपर्यंत सगळ्याजणी त्याला विसरून गेल्या.

आणि मग त्याला बायकोचा आवाज ऐकू यायला लागला.

ती बोलत होती. सकाळपासून अखंड बोलत होती. सलाईन लावताना बोलायची, जखम पुसताना बोलायची, चादर ओढता ओढता पलीकडच्या खाटेवरच्या बाईला तिच्या नातवाची चौकशी करायची. सुईला घाबरणाऱ्या एका मुलीशी तिने असा काही वाद उकरून काढला की मुलगी तावातावाने उत्तर देत असतानाच सुई टोचून झाली. कानाने अधू असलेल्या एका आजीशी ती पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुज करायची आणि आजीही तशीच कुजबुजून उत्तर द्यायची. सगळ्या खाटा हसायच्या. नवी नर्स चुकली तर सिस्टर तिला बाजूला घेऊन दोन शब्द सांगायची आणि परत येताना तिच्या पाठीवर हात ठेवायची.

आकडेशास्त्री खुणा करता करता पुन्हा पुन्हा तिच्याकडे बघत होता. ही बाई त्याच्या घरची नव्हतीच. घरी हं म्हणायलाही जिला जड जातं, ती इथे परक्या लोकांना एवढी भरभरून देते. त्याला चक्क हेवा वाटला, तोही आजाऱ्यांचा, आणि त्याची त्याला लाज वाटली.

त्याच्या स्टुलाला सगळ्यात जवळची खाट कंडक्टरबाईंची होती. उभं आयुष्य त्यांनी बसमध्ये तिकिटं फाडली होती. आता अर्धांगाने उजवी बाजू गेली होती आणि वाचाही जवळपास बंद झाली होती. पण डावा हात धड होता. त्या हाताने त्या खाटेच्या लोखंडी कठड्यावर चमचा वाजवायच्या. एकदा वाजवला की थांबा, दोनदा वाजवला की चला. सिस्टरने ही भाषा पहिल्याच दिवशी ओळखली होती म्हणे. भरवायला बसली की ती विचारायची, "बाई, पुढचा स्टॉप घ्यायचा का?" आणि कंडक्टरबाई दोनदा चमचा वाजवून तोंड उघडायच्या. त्यांना भरवायला फार वेळ लागे. एकेक घास नीट गिळला की नाही ते बघायचं, हनुवटी खाली धरायची, मध्ये थांबायचं. सिस्टर दुसऱ्या कामाला उठली की ते जेवण तसंच अर्धवट राहायचं, गार व्हायचं, आणि ती परत आली की नव्याने सुरू व्हायचं.

आठवड्याच्या मध्यावर एक नर्स तापाने घरी राहिली. तिच्या जागी दुसरी कोणी मिळाली नाही. त्या दिवशी दोन नव्या पेशंट आल्या होत्या, दोघीही अंथरुणाला खिळलेल्या. दुपारी खिडकीजवळच्या एका म्हाताऱ्या बाईंचा श्वास एकाएकी अडकायला लागला. सिस्टर धावली, पाठोपाठ दुसरी नर्स, मग डॉक्टर. उरलेली एक नर्स काहीतरी आणायला कोठाराकडे पळाली. पडदा ओढला गेला आणि सगळा वॉर्ड एकदम गप्प झाला.

त्या शांततेत कंडक्टरबाईंचा चमचा वाजायला लागला. एकदा नाही, दोनदा नाही, नुसता वाजतच राहिला. त्या पडद्याकडे बघत होत्या आणि त्यांचे ओठ कोरडे पडले होते. आकडेशास्त्रीने इकडेतिकडे पाहिलं. पडद्याबाहेर त्याच्याशिवाय धडधाकट असं कोणी नव्हतं. घड्याळात खूण करायची वेळ झाली होती. तो क्षणभर तसाच बसला, मग तक्ता स्टुलावर ठेवून उठला. त्याने कपाटावरचा पेला घेतला, पाण्याने भरला आणि त्यांच्या ओठांजवळ नेला.

"पाणी नको," पडद्याच्या फटीतून सिस्टरचा आवाज आला. तिचे दोन्ही हात म्हाताऱ्या बाईंच्या छातीवर होते. तिने मान तेवढी वळवली होती. "त्यांना पातळ गिळता येत नाही, श्वासात जाईल. हात धरा नुसता."

तो पेला त्याने लांब ठेवला. मग खाटेच्या कडेला बसून कंडक्टरबाईंचा डावा हात त्याने दोन्ही हातांत धरला. हात खरखरीत आणि गरम होता. तो नुसता धरून बसला. थोड्या वेळाने त्यांचा हात सैल पडला, पण त्याने सोडला तसा त्यांनी पुन्हा घट्ट पकडला. मग तो बसूनच राहिला. घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला आणि तक्त्यातल्या त्या रांगा कोऱ्याच राहिल्या.

खिडकीजवळच्या बाई गेल्या. डॉक्टर बाहेर पडले, नर्सेसनी पुढचं सगळं हळू हातांनी केलं. आकडेशास्त्री आपल्या स्टुलावर परत आला आणि त्याने पुढची खूण करायला मान वर केली. सिस्टर कुठे दिसेना. मग कपड्यांच्या खोलीच्या उघड्या दारातून ती दिसली. धुऊन आलेल्या चादरींच्या चळतीवर डोकं टेकून ती उभी होती. खांदे हलत नव्हते, आवाज नव्हता. नुसती उभी होती.

त्याने पेन्सिल धरली. ती पेशंटजवळ नव्हती, नोंदी लिहीत नव्हती, चादरीही काढत नव्हती. नियम त्यानेच समजावून सांगितले होते सगळ्यांना. त्याने चौथ्या रकान्यात खूण केली. त्याला वाटलं की आपण काहीतरी वाईट केलं, पण खोडायचंही मन होईना.

जरा वेळाने ती बाहेर आली, तोंड धुतलं, आणि दाट केलेलं पाणी वाटीत घेऊन कंडक्टरबाईंजवळ बसली. "माफ करा बाई," ती म्हणाली, "आज गाडीला उशीर झाला." कंडक्टरबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि चमचा वाजवायच्या ऐवजी डाव्या हाताने तिच्या गालाला हात लावला.

त्या संध्याकाळी दोघं बरोबरच घरी निघाली. घरी आल्यावर ती नेहमीप्रमाणे गॅलरीतल्या खुर्चीत बसली. आईने त्या दोघांची तोंडं बघितली आणि शेजारणीकडे काम असल्याचं सांगून ती निघून गेली. आकडेशास्त्री एक स्टूल घेऊन बायकोशेजारी जाऊन बसला. पेल्याची गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती. तो म्हणाला की आज त्याच्या हातून भलतंच होऊन बसलं असतं. ती म्हणाली की पहिल्यांदा सगळ्यांच्याच हातून होतं, तहानलेल्याला पाणी द्यावं असंच कोणालाही वाटणार.

मग त्याने चादरींचं सांगितलं.

"तू आत उभी होतीस," तो म्हणाला, "ते मी तुझ्या स्वतःच्या वेळात धरलं. चहा-जेवणाच्या रकान्यात."

ती गच्चीकडे बघत होती. त्याला वाटलं की आता ती उठून जाईल.

"बरोबरच केलंत," ती म्हणाली. "दिवसभरात तेवढाच माझा होता."

मग ती स्वतःच बोलायला लागली, हळू, तुटक. त्या म्हाताऱ्या बाई सकाळी तिला म्हणाल्या होत्या की जरा बस माझ्यापाशी, आणि तिने येते म्हणून सांगितलं होतं. तिला जायला जमलं नव्हतं. रोज कोणाला ना कोणाला ती येते म्हणून सांगते आणि पोचता येत नाही. घरी येताना तीच माणसं डोक्यात असतात.

बरीच वर्षं जे विचारायचं होतं ते त्याने त्या संध्याकाळी विचारलं. "तिथे तू इतकी बोलतेस. घरी येऊन गप्प होतेस. मला वाटायचं, माझा कंटाळा आलाय."

तिने पहिल्यांदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

"अहो, तिथे गप्प बसून चालत नाही. मी गप्प झाले की पेशंटला वाटतं, आपलं काही खरं नाही," ती म्हणाली. "घरी आले की तुम्ही काही मागत नाही. नुसतं बसू देता. एवढं एकच ठिकाण आहे मला, जिथे नाही बोललं तरी कोणी घाबरत नाही."

दुपारी सांगितलं होतं तसंच त्याने केलं, तिचा हात धरला. दोघं बराच वेळ तशीच बसून राहिली. शेवटी शेजारणीकडे बसून बसून कंटाळलेली आई परत आली आणि विचारायला लागली की आज या घरात कोणी दिवा लावणार आहे की नाही.

मोजणी संपली. तपासनीस बाईंचा तक्ता आणि त्याचा तक्ता समोरासमोर ठेवला तेव्हा दोन्हीत फारसा फरक निघाला नाही. व्यवस्थापनाच्या बैठकीत त्याला उभं केलं. एका सदस्यांनी तक्ता हातात धरून विचारलं की मधल्या या रांगा कोऱ्या कशा. त्याने सांगितलं की तेव्हा तो एका पेशंटचा हात धरून बसला होता.

"म्हणजे तुम्ही नियम मोडलात."

"हो," तो म्हणाला. "वॉर्डात तेव्हा मोकळे असे माझेच हात होते. त्या रांगा हिशेबात धरू नका. बाकीच्या पुरेशा आहेत."

मग त्याने बाकीचं मांडलं. पूर्ण परावलंबी पेशंट किती, थोडा आधार लागणाऱ्या किती, प्रत्येकीला दिवसात किती वेळ द्यावा लागतो, आणि नर्सचा किती वेळ त्या लांबच्या कोठाराच्या वाटेवर जातो. कोणाची बाजू न घेता, आवाज न चढवता, जसं होतं तसं. सदस्यांनी प्रश्न विचारले, खूप विचारले. मेट्रनबाईंनी फक्त शेवटी तोंड उघडलं आणि विचारलं की या आकड्यांत कोणाला चूक दिसते का. कोणाला दिसली नाही. खर्चाची कुरकुर मात्र पुष्कळ झाली, आणि निर्णय पुढे ढकलत ढकलत काही महिने गेले. मागितल्या होत्या तेवढ्या नर्सेस मिळाल्या नाहीत. त्या वॉर्डाला दोन नर्सेस मिळाल्या, साहित्य ने-आण करायला एक मदतनीस मिळाली, आणि कोठाराचं एक कपाट वॉर्डातच आणून ठेवलं. मेट्रनबाई म्हणाल्या की अर्धं तर अर्धं, उरलेल्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा मोजू, तोवर कोणी कांजिण्या आणू नका.

तोपर्यंत कंडक्टरबाई त्यांच्या भाचीबरोबर घरी गेल्या होत्या. जाताना त्या स्वतःच्या हाताने चार घास खाऊ लागल्या होत्या आणि दोन-तीन शब्दही परत आले होते. त्यांतला एक शब्द सिस्टर होता. तो त्या वॉर्डातल्या प्रत्येकीला म्हणून दाखवायच्या, अगदी झाडणाऱ्या बाईलाही. दाराशी चाकाची खुर्ची थांबवून त्यांनी तो आकडेशास्त्रीलाही म्हटला. निरोपासाठी तो मुद्दाम वर आला होता. तो इतका लाजला की नर्सेसनी पुढे आठवडाभर त्याला त्याच नावाने हाक मारली.

नव्या नर्सेस रुजू झाल्या त्या दिवशी सिस्टर वेळेवर घरी आली. उजेड असताना दार उघडून सून आत येते म्हणजे नक्कीच हिला बरं नाही, असं समजून आईने आधी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ती म्हणाली की तिला काही झालेलं नाही. तिने हातपाय धुतले, गॅलरीत बसली, आणि कोणी काही विचारायच्या आत स्वतःहून बोलायला लागली. आज वॉर्डात एक बाई आली होती, फुलं विकणारी, पाय मोडलेला, आणि प्लास्टर घालून घ्यायच्या आधी ती डॉक्टरांशी भावाची घासाघीस करत बसली. आकडेशास्त्री पुढे सरकून ऐकू लागला. आईही भाजी निवडायचं सोडून दारात येऊन उभी राहिली. डॉक्टर काय म्हणाले, बाई काय म्हणाली, मग डॉक्टरांनी हात जोडले, आणि मग...

मग सिस्टरची मान कलली. ती बसल्या जागी झोपली होती.

मायलेक एकमेकांकडे बघत राहिले. आई दबक्या आवाजात म्हणाली की उठव तिला, बाईने शेवटी काय केलं ते तरी कळू दे. त्याने ओठांवर बोट ठेवलं, आतून पातळ चादर आणून तिच्या अंगावर घातली, आणि तो तिथेच शेजारी बसून राहिला. सकाळी त्याने तिला विचारलं की त्या फुलवालीचं पुढे काय झालं. ती पिना लावत होती. हातातली पीन तशीच धरून तिने थोडा वेळ आठवून पाहिलं आणि म्हणाली की ड्यूटीवर जाऊन बाईलाच विचारून येते, संध्याकाळी सांगते.